ज्योत अभिज्ञातक, प्रकाशीय

ज्योतीतून बाहेर पडणारे जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) वा अवरक्त (दृश्य वर्णपटातील तांबड्या रंगाच्या अलीकडील अदृश्य) प्रारण (तरंगरूपी ऊर्जा) दुरून ओळखून आग लागल्याची सूचना विद्युत् संकेताच्या रूपाने देणाऱ्या उपकरणास प्रकाशीय ज्योत अभिज्ञातक म्हणतात. खनिज तेल परिष्करण कारखाने, समुद्रातील तेल व वायू उत्पादन व्यासपीठे, इंधन वायूंचे साठे व भरणा केंद्रे, वायू टरबाइनांच्या खोल्या, विमानांचे हँगर, रंगफवारणी कक्ष, दारूगोळ्याचे कारखाने इ. ठिकाणी त्यांचा उपयोग करतात.

धुराचे वा उष्णतेचे अभिज्ञातक कार्य करण्यासाठी धूर किंवा तापलेली हवा प्रत्यक्ष उपकरणापर्यंत पोहोचावी लागते. छत असलेल्या बंद खोलीत हे सहज घडते. परंतु उघड्यावरील यंत्रसंचात वाऱ्यामुळे धूर व उष्णता भलतीकडेच वाहून जातात आणि दाबाखालील इंधनाची आग तर काही सेकंदांत भडकते. ज्योतीचे प्रारण मात्र प्रकाशाच्या वेगाने सर्व दिशांना जाते व ते टिपण्यासाठी उपकरण आगीजवळ असावे लागत नाही. हायड्रोकार्बनी इंधनांच्या आगीत निर्माण होणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सु. १५ ते ४० टक्के ऊर्जा प्रारणाच्या रूपाने बाहेर पडते. प्रकाशीय अभिज्ञातक या ऊर्जेचा अत्यल्प अंश वापरतो.

बाष्पित्राच्या (बॉयलरच्या) भट्टीतील ज्वालकावर नजर ठेवणारी उपकरणेही ज्योतीच्या प्रारणावरच चालतात. परंतु त्यांचे प्रयोजन उलट आहे. तेथे ज्योत असणे ही सुरक्षित स्थिती असून ती विझल्यास इंधनाचा पुरवठा तोडावयाचा असतो. प्रस्तुत अभिज्ञातकाच्या बाबतीत ज्योत नसणे ही नेहमीची स्थिती होय. तो महिनोन् महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे, काहीही न दिसता उभा असतो. या काळात त्याची काच काजळीने झाकली गेली वा संवेदक निकामी झाला, तरी बाहेरून काहीच फरक जाणवत नाही; सज्ज उपकरणाचे मौन व आंधळ्या उपकरणाचे मौन सारखेच असते. म्हणून ठराविक काळाने घेतलेली चाचणी हा या उपकरणाच्या वापराचाच अविभाज्य भाग मानला जातो.

इतिहास : या उपकरणाची तत्त्वे वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या हेतूंनी केलेल्या संशोधनातून मिळाली आहेत. सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या बाहेर ठेवलेल्या तापमापकातील तापमान वाढते, या निरीक्षणावरून विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये अवरक्त प्रारणाचा शोध लावला. वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाबाहेर सिल्व्हर क्लोराइड काळे पडते, हे पाहून जे. डब्ल्यू. रिटर यांनी १८०१ मध्ये जंबुपार प्रारणाचे अस्तित्व दाखवून दिले. कार्बन डाय-ऑक्साइड, पाण्याची वाफ इ. वायू अवरक्त प्रारण शोषून घेतात, हे जॉन टिंडल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांनी सिद्ध झाले. जंबुपार प्रारण धातूवर पडले असता विद्युत् विसर्जन सुलभ होते, असे हाइन्रिख हर्ट्‌झ यांना १८८७ मध्ये आढळले. हाच पुढे प्रकाशविद्युत् परिणाम म्हणून प्रसिद्ध झाला. वातावरणातील ओझोन सूर्याचे आखूड तरंगलांबीचे जंबुपार प्रारण अडवतो, हे शार्ल फाब्री व आंरी ब्यूइसाँ यांनी १९१३ मध्ये मापनांनी दाखविले. हान्स गायगर व व्हाल्टर म्यूलर यांनी १९२८ मध्ये तयार केलेल्या वायुभरित गणित्राच्या धर्तीवर पुढे जंबुपार-संवेदी नलिका बनविण्यात आल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम जंबुपार, मग एका पट्ट्याचे अवरक्त, त्यानंतर दोहोंचे संयुक्त आणि शेवटी सूक्ष्मप्रक्रियक (मायक्रोप्रोसेसर) असलेले अनेक पट्ट्यांचे अभिज्ञातक प्रचारात आले.

तत्त्व : दिवसाउजेडी सूर्यप्रकाशात ज्योत ओळखावयाची हा या उपकरणापुढील मुख्य प्रश्न होय. दृश्य प्रकाशात सूर्यापुढे लहानशी ज्योत नगण्य ठरते. यासाठी वर्णपटातील असे भाग निवडतात की, ज्यांत सूर्य जमिनीवरून जवळजवळ काळोखा दिसतो आणि ज्योत मात्र ठळक दिसते. असे दोन भाग प्रामुख्याने वापरात आहेत.

पहिला भाग जंबुपार प्रारणाचा असून तो सु. १८५ ते २६० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) तरंगलांबीचा आहे. सु. २९० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे सौर प्रारण वातावरणाच्या वरच्या थरांतील ओझोनात शोषले गेल्याने जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. साधारण १८५ नॅनोमीटरच्या खालील प्रारण हवेतील ऑक्सिजनच शोषून घेतो. या दोन मर्यादांमधील प्रारण जमिनीलगत आढळले, तर ते जवळच्याच एखाद्या उगमाचे असले पाहिजे.

दुसरा भाग अवरक्त प्रारणाचा आहे. कार्बनयुक्त इंधन जळताना कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होतात. तप्त कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन सु. ४·३ ते ४·५ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर म्हणजे मीटरचा एक दशलक्षांश भाग) या अरुंद पट्ट्यात अतिशय तीव्र असते. वातावरणातील थंड कार्बन डाय-ऑक्साइड याच पट्ट्यातील सौर प्रारण शोषून घेत असल्याने पार्श्वभूमी काळोखी राहते. आग व उपकरण यांमधील हवेतही हा वायू असतो व तो ज्योतीचेही काही प्रारण शोषतो. परंतु तप्त वायूच्या उत्सर्जनाचा पट्टा थंड वायूच्या शोषणाच्या पट्ट्यापेक्षा रुंद असल्यामुळे त्याच्या कडेचे प्रारण दूरवर पोहोचू शकते. अभिज्ञातकातील छानक (ठराविक तरंगलांब्यांचेच प्रारण जाऊ देणारी चकती) नेमक्या या भागासाठी निवडलेला असतो.

ज्योतीचे तिसरे लक्षण म्हणजे तिचे फडफडणे. मोकळ्या हवेत जळणाऱ्या इंधनाची ज्योत आजूबाजूची हवा आत ओढून घेताना नियमितपणे फुगते व आक्रसते. तिची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) साधारणपणे १ ते २० असते. आगीचा व्यास जितका मोठा तितकी ही कंप्रता कमी असते; १ मी. व्यासाच्या पात्रातील आगीसाठी ती दीडच्या आसपास, तर ०·३ मी. व्यासाच्या पात्रातील आगीसाठी अडीच ते तीन असते. तापलेला नळ वा भट्टीची भिंत यांपासून निघणारे प्रारण स्थिर असल्याने मंडलात ते वगळता येते.

प्रकार व रचना : जंबुपार अभिज्ञातकात क्वॉर्ट्‌झाची वा जंबुपार प्रारण जाऊ देणाऱ्या विशेष काचेची वायुभरित नलिका असते. तिच्यातील धन व ऋण विद्युत् अग्रांमध्ये सु. ३०० व्होल्ट वा त्याहून अधिक दाब लावलेला असतो. ऋणाग्रासाठी टंगस्टन, मॉलिब्डेनम यांसारखी धातू वापरतात. तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणारी ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या कणांपाशी नसते, मात्र आखूड तरंगलांबीच्या जंबुपार कणांपाशी असते. एक इलेक्ट्रॉन सुटला की तो वायूच्या रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवितो व क्षणार्धात विद्युत् स्पंद निर्माण होतो. दर सेकंदास किती स्पंद मिळतात ते मोजून ज्योतीचा निर्णय करतात. हा प्रकार काही मिलिसेकंदांत प्रतिसाद देऊ शकतो. म्हणून दारूगोळ्याच्या कारखान्यांत त्यास प्राधान्य मिळते. हायड्रोजन, अमोनिया, मॅग्नेशियम इ. कार्बनरहित पदार्थांच्या ज्योतीही त्यास दिसतात. तथापि विद्युत् प्रज्योतीने केलेले वितळजोडकाम, आकाशातील वीज, उच्च दाबाच्या तारांवरील विसर्जन, तसेच जोडांच्या तपासणीसाठी वापरलेले क्ष-किरण व गॅमा किरण यांमुळे तो फसतो. याउलट काचेवरील तेलाचा पातळ थर, दाट धूर व काही कार्बनी विद्रावकांची वाफ हे प्रारण शोषून घेत असल्याने समोर आग असूनही ती त्याला दिसत नाही.

एका पट्ट्याच्या अवरक्त अभिज्ञातकात, तापमान बदलताच ज्याच्या पृष्ठभागांवर विद्युत् भार निर्माण होतो असा स्फटिक (उदा., लिथियम टँटॅलेट) बसवितात. स्थिर प्रारणाने त्याचे तापमान स्थिरावते व संकेत मिळत नाही. फडफडत्या प्रारणाने मात्र प्रत्यावर्ती संकेत मिळतो. हा संकेत विवर्धकाने वाढवून फडफडण्याच्या कंप्रतेचाच तेवढा भाग पुढे पाठवितात. धूर व तेलकटपणा यांचा या प्रकारावर जंबुपार अभिज्ञातकापेक्षा कमी परिणाम होतो. पाण्याचा वा बर्फाचा थर मात्र अवरक्त प्रारण अडवितो. तप्त पृष्ठभागासमोर फिरणारा पंखा किंवा हलत्या पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन यांमुळे स्थिर प्रारण खंडित होऊन ज्योतीचा भास निर्माण होऊ शकतो.

संयुक्त अभिज्ञातकात जंबुपार व अवरक्त असे दोन्ही संवेदक असतात आणि दोघांनी एकाच वेळी साक्ष दिली, तरच इशारा दिला जातो. खोटे इशारे यामुळे बरेच कमी होतात. परंतु दोहोंपैकी एक संवेदक झाकला गेला तरी संपूर्ण उपकरण निरुपयोगी होते. तीन पट्ट्यांच्या अवरक्त अभिज्ञातकात एक संवेदक कार्बन डाय-ऑक्साइडाच्या पट्ट्यावर व उरलेले दोन त्याच्या अलीकडील व पलीकडील पट्ट्यांवर असतात. तापलेल्या घन पदार्थाचे प्रारण तिन्ही पट्ट्यांत सलग पसरलेले असते, तर ज्योतीचे मधल्या पट्ट्यात उंचावलेले असते. तिन्ही संकेतांची गुणोत्तरे, त्यांच्या फडफडण्यातील मेळ व काळानुसार होणारे बदल सूक्ष्मप्रक्रियक सतत तपासतो. अशा अभिज्ञातकांचा पल्ला मोठा असतो. हेप्टेनाच्या ०·१ चौ. मी. क्षेत्रफळाच्या आगीसाठी तो ६० मी. किंवा अधिक मिळतो, तर जुन्या एकपट्टी प्रकारांत तो १५ मी.च्या आसपास असे. हायड्रोजनाच्या ज्योतीत कार्बन डाय-ऑक्साइड नसल्याने तिच्यासाठी वाफेच्या २·७ मायक्रोमीटरजवळील पट्ट्यावर आधारलेले वेगळे अभिज्ञातक लागतात. ही ज्योत दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसत नसल्याने तेथे उपकरणाचे महत्त्व विशेष आहे. कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रांचे विश्लेषण करून ज्योत ओळखणारे अभिज्ञातकही एकविसाव्या शतकात वापरात आले आहेत.

कोणत्याही प्रकारात संवेदक, छानक व मंडले जाड धातूच्या स्फोटरोधक पेटीत ठेवतात. पेटीच्या आत ठिणगी पडून तेथील वायू पेटला, तरी ज्योत बाहेरच्या वातावरणात जाऊ नये अशी तिच्या सांध्यांची रचना असते. पेटीची खिडकी जंबुपार प्रकारात क्वॉर्ट्‌झाची व अवरक्त प्रकारात बहुधा कृत्रिम नीलमण्याची (सफायरची) असते. साधी काच आखूड जंबुपार तसेच ४ मायक्रोमीटरच्या पुढील अवरक्त असे दोन्ही प्रकारचे प्रारण अडविते. त्यामुळे माणसाला तावदानातून आग स्पष्ट दिसत असली, तरी तावदानामागील अभिज्ञातकाला ती दिसत नाही.

बसविण्याची पद्धती : अभिज्ञातकाचे दृष्टिक्षेत्र शंकूसारखे असून त्याचा कोन बहुधा ९० ते १२० अंश असतो. मध्य अक्षावर संवेदनक्षमता सर्वाधिक असते व कडांकडे ती बरीच घटते. प्रारणाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणून ३० मी. अंतरावरून ०·१ चौ. मी.ची आग ओळखणाऱ्या उपकरणास ६० मी. अंतरावरून ओळखता येण्यासाठी ती आग सु. चौपट मोठी व्हावी लागते. उपकरण उंचावर, खाली ३० ते ४५ अंश झुकवून बसवितात. यामुळे खिडकीवर धूळ व पावसाचे पाणी साचत नाही आणि क्षितिजावरील सूर्य दृष्टीआड राहतो. नळ, टाक्या व तुळया यांच्या सावलीत सापडलेली आग एका उपकरणाला दिसत नाही. म्हणून महत्त्वाच्या जागेवर दोन वा अधिक उपकरणांची नजर वेगवेगळ्या दिशांनी ठेवतात. यंत्रसंच उभारताना आखलेली ही योजना पुढे बांधलेला एखादा परांचा किंवा नवा नळ निरुपयोगी करू शकतो. ज्या खांबावर उपकरण बसवावयाचे तो थरथरणारा नसावा.

कार्य : उपकरणास बहुधा २४ व्होल्ट एकदिश विद्युत् पुरवठा देतात. नियंत्रण कक्षाकडे जाणारा संकेत रिलेच्या स्पर्शकांद्वारे किंवा ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाच्या रूपाने पाठवितात. दुसऱ्या पद्धतीत ४ मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह नेहमीची स्थिती आणि २० मिलिअँपिअरजवळचा प्रवाह आग दर्शवितो. प्रवाह शून्यावर आला तर तार तुटली वा उपकरण बंद पडले असे समजते. आग नसणे व संकेतच नसणे या दोन गोष्टी यामुळे वेगळ्या ओळखता येतात. दोषदर्शक रिले नेहमी ऊर्जित अवस्थेत ठेवतात, म्हणजे पुरवठा खंडित होताच तो आपोआप दोष दाखवितो.

क्षणिक कारणांनी इशारा होऊ नये म्हणून काही सेकंदांचा विलंब ठेवता येतो. संवेदनक्षमता व विलंब यांची निवड ही एक तडजोड असते : संवेदनक्षमता वाढविल्यास लहान आग लवकर कळते, परंतु खोटे इशारेही वाढतात. अग्निशामक फवारा सोडणे, इंधनाच्या झडपा मिटविणे, संपूर्ण संच बंद करणे यांसारखी खर्चाची कृती आपोआप घडवून आणावयाची असेल, तर एकाच जागेवर नजर असलेल्या अभिज्ञातकांपैकी किमान दोघांची साक्ष आवश्यक ठेवतात. एकाच्या साक्षीवर केवळ इशारा देतात. खोट्या इशाऱ्याचे नुकसान संच बंद पडण्यापुरते मर्यादित नसते. तो वारंवार होऊ लागला की कर्मचाऱ्यांचा उपकरणावरील विश्वास उडतो, इशारा दुर्लक्षिला जातो व अखेरीस कोणीतरी उपकरणच बंद करून ठेवतो.

बहुतेक आधुनिक अभिज्ञातकांत स्वयंतपासणीची सोय असते. आतील लहान दिव्याचे प्रारण ठराविक काळाने खिडकीतून बाहेर सोडले जाते व बाहेरच्या परावर्तक कड्यावरून उलटून पुन्हा खिडकीतूनच संवेदकावर येते. परत आलेले प्रारण ठराविक मर्यादेपेक्षा कमी भरल्यास खिडकी मळली आहे वा संवेदक क्षीण झाला आहे असा दोषसंकेत मिळतो. खिडकीचा काही भागच तपासला जात असल्याने, तसेच नियंत्रण कक्षापर्यंतची साखळी यात येत नसल्याने ही सोय प्रत्यक्ष चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

चाचणी : अभिज्ञातकाची चाचणी तीन पातळ्यांवर होते. पहिली कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत त्या प्रतिकृतीच्या मान्यतेसाठी होते. यूरोपीय मानक ५४ च्या दहाव्या भागात (२००२) हेप्टेन व मेथिलेटेड स्पिरिट यांच्या प्रमाणित आगी ठराविक अंतरावर पेटवून ३० सेकंदांत प्रतिसाद मिळतो की नाही ते पाहतात; २५, १७ व १२ मी. या अंतरांनुसार उपकरणांचे तीन वर्ग केले आहेत. दुसरी पातळी यंत्रसंच कार्यान्वित करतानाची असून तीत दृष्टिक्षेत्र, अडथळे व जोडण्या तपासतात. तिसरी म्हणजे उपकरण सेवेत असताना ठराविक काळाने घेतलेली चाचणी होय.

सेवेतील चाचणीसाठी प्रत्यक्ष आग पेटविणे ज्वालाग्राही वायूंच्या जागेत शक्य नसते. यासाठी चाचणी-दिवा वापरतात. जंबुपार प्रकारासाठी तो जंबुपार प्रारण देतो, तर अवरक्त प्रकारासाठी त्यातील तप्त उगमाचे प्रारण ज्योतीच्या कंप्रतेने फडफडते व योग्य पट्ट्यांत योग्य गुणोत्तराने मिळते. त्यामुळे एका निर्मात्याच्या वा प्रकारच्या उपकरणासाठी बनविलेला दिवा दुसऱ्याला चालेलच असे नाही. साध्या विजेरीच्या प्रकाशाने इशारा मिळाला नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही. दिवाही स्फोटरोधक असावा लागतो व त्याची विद्युत् घटमाला पूर्ण भारित असावी लागते. अशक्त दिव्यामुळे चांगले उपकरण सदोष ठरते.

चाचणीचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. प्रथम नियंत्रण कक्षास व त्या विभागातील कर्मचाऱ्यांना पूर्वसूचना देऊन लेखी परवाना घेतात. नंतर त्या उपकरणाशी निगडित असलेल्या स्वयंचलित कृती, विशेषतः अग्निशामक वायू सोडणे व संच बंद करणे, तात्पुरत्या अडवून ठेवतात. या अडवणुकीस कारखान्यांत बायपास म्हणतात. हे विसरल्यास चाचणीच्या दिव्याने संपूर्ण विभाग बंद पडू शकतो किंवा बंदिस्त खोलीत कार्बन डाय-ऑक्साइड सुटून माणसांचे प्राण धोक्यात येऊ शकतात. शेजारचे अभिज्ञातक दिव्याच्या टप्प्यात येत असल्यास त्यांनाही विचारात घेतात. मग उपकरणाची बाह्य पाहणी करतात : पकड सैल झाली आहे काय, रोख बदलला आहे काय, समोर नवा अडथळा उभा राहिला आहे काय, तारेच्या प्रवेशद्वारातून पाणी शिरले आहे काय, हे पाहतात.

खिडकी पुसण्यापूर्वी एकदा व पुसल्यानंतर एकदा अशी दोनदा चाचणी घेणे उपयुक्त ठरते. मळलेल्या अवस्थेतील निष्कर्ष उपकरण आदल्या दिवसापर्यंत खरोखर सज्ज होते की नाही ते सांगतो, तर स्वच्छ अवस्थेतील निष्कर्ष त्याची मूळ क्षमता सांगतो. आधी पुसूनच चाचणी घेतल्यास पहिली माहिती कायमची हरवते आणि स्वच्छतेचा कालावधी पुरेसा आहे की नाही हे कळत नाही. पुसण्यासाठी धागे न सुटणारे मऊ कापड व पाणी, सौम्य साबण किंवा आयसोप्रोपिल अल्कोहॉल वापरतात. परावर्तक कडेही पुसतात. सिलिकोनयुक्त पदार्थ वापरीत नाहीत, कारण त्यांचा थर जंबुपार प्रारण शोषतो.

त्यानंतर निर्मात्याने सांगितलेल्या अंतरावर, अक्षाच्या रेषेत उभे राहून दिवा खिडकीवर रोखतात. ठरलेल्या वेळात उपकरणावरील दर्शक दिवा लागला पाहिजे. परंतु एवढ्याने चाचणी पूर्ण होत नाही. नियंत्रण कक्षात योग्य विभागाचा व योग्य क्रमांकाचाच इशारा उमटला, भोंगा वाजला आणि अडविलेल्या कृतीचा आदेश तेथपर्यंत पोहोचला, हे दूरध्वनीवरून पडताळून पाहतात. तारा अदलाबदल झाल्याने एका टाकीजवळील उपकरण दुसऱ्याच टाकीचा इशारा देत असल्याचा दोष याच टप्प्यावर उघड होतो. दिवा बंद केल्यावर संकेत पूर्ववत होतो की नाही ते पाहून यंत्रणा मूळ स्थितीत आणतात. पेटीचे झाकण वीजपुरवठा चालू असताना व भोवताली वायू असण्याची शक्यता असताना उघडीत नाहीत. शेवटी दिनांक, प्रतिसादाचा काळ, आढळलेले दोष व केलेली दुरुस्ती यांची नोंद करून सर्व बायपास काढतात व ते काढल्याची दुसऱ्या व्यक्तीकडून खात्री करून घेतात.

या शेवटच्या पायरीचे महत्त्व अपघातांच्या इतिहासावरून लक्षात येते. उत्तर समुद्रातील पायपर आल्फा या व्यासपीठावर ६ जुलै १९८८ रोजी झालेल्या स्फोटांत व आगीत १६७ माणसे मृत्युमुखी पडली. पाण्यात उतरणारे पाणबुडे पंपांच्या ओढीत सापडू नयेत म्हणून आगीसाठी पाणी पुरविणारे पंप त्या वेळी स्वयंचलित अवस्थेतून काढून हस्तचलित ठेवले होते; आग लागल्यावर त्यांच्यापर्यंत कोणालाही पोहोचता आले नाही. माणसांच्या रक्षणासाठी अडविलेली स्वयंचलित यंत्रणा गरज पडली तेव्हा उपलब्ध नव्हती. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने (१९९०) सागरी व्यासपीठांच्या सुरक्षाव्यवस्थेला नवे वळण दिले.

दोन चाचण्यांमधील काळ किती असावा हे परिसरावर अवलंबून असते. सामान्यतः तो तीन ते सहा महिने ठेवतात. धूळ, तेलाचे तुषार किंवा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात स्वच्छता त्याहून लवकर करावी लागते. आपोआप न कळणारा दोष दोन चाचण्यांच्या दरम्यान केव्हाही उद्भवू शकतो हे गृहीत धरल्यास तो सरासरीने त्या काळाच्या निम्मा वेळ लपून राहतो. म्हणजे सहा महिन्यांच्या अंतराने चाचणी होत असल्यास अशा दोषामुळे संबंधित जागा सरासरी तीन महिने निगराणीविना राहते. चाचणीच्या खर्चाचा विचार या हिशोबासमोर ठेवून करावा लागतो.

मर्यादा : चाचणी-दिव्याला मिळालेला प्रतिसाद उपकरण, जोडण्या व नियंत्रण कक्ष यांची साखळी अखंड असल्याचे सिद्ध करतो, परंतु दिवा काही मीटरांवरून रोखलेला असल्याने ५० वा ६० मी.वरील आग दिसेलच, हे त्याने सिद्ध होत नाही. धुके, पाऊस, फवारा व दाट धूर यांनी पल्ला घटतो. धुमसणारी, ज्योत नसलेली आग या उपकरणाला ओळखता येत नाही, म्हणून धुराचे व उष्णतेचे अभिज्ञातक त्याच्या जोडीने लागतात. तसेच अभिज्ञातक आग लागल्यानंतरच बोलतो. गळती झाल्याचे त्याआधी कळण्यासाठी वायू अभिज्ञातक वेगळे बसवावे लागतात. मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्रातील मुंबई हाय नॉर्थ व्यासपीठावर २७ जुलै २००५ रोजी एका साहाय्यक जहाजाच्या धडकेने वायुवाहक नळ फुटून आग लागली. २२ माणसे दगावली व सु. दोन तासांत व्यासपीठ नष्ट झाले. फुटलेल्या नळातील इंधन तोडता येत नाही तोपर्यंत आग लागल्याचे लवकर कळूनही ती आवरत नाही, हे अशा घटनांवरून दिसून येते. झडपा, अंतर, फवारे व सुटकेचे मार्ग यांची जोड असेल तरच अभिज्ञातकाने मिळवून दिलेल्या सेकंदांचा उपयोग होतो.

भारतात स्वयंचलित आग अभिज्ञान व इशारा यंत्रणांची निवड, बसवणी व देखभाल यांविषयीचे नियम भारतीय मानक २१८९ मध्ये दिलेले असून त्याची सुधारित आवृत्ती २००८ मध्ये निघाली. तेल व वायू उद्योगासाठी १९८६ मध्ये स्थापन झालेले तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आपली स्वतंत्र मानके प्रसिद्ध करते. मानके किमान अपेक्षा सांगतात. एखाद्या कारखान्यात कोणत्या इंधनाची, किती आकारमानाची व कोणत्या जागी आग संभवते, हे प्रथम ठरवून अभिज्ञातकाचा प्रकार, संख्या, रोख व चाचणीचा कालावधी त्यानुसार निश्चित करावा लागतो.